इंजिन बंद पडलं तर उतरायचं कुठं? छोटं विमान शिकणाऱ्या मुंबईकरांसाठी

जमिनीपासून ३००० फुटांवर उडणाऱ्या सेसना १७२ चं इंजिन बंद पडलं आणि पायलटनं ६८ नॉटचा (ताशी सुमारे १२६ किलोमीटर) वेग धरून ठेवला, तर वारा नसताना ते विमान आणखी आठेक किलोमीटर जातं. दादरवर बंद पडलं तर सांताक्रूझपर्यंत. जमिनीला टेकायला साधारण चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत काय करायचं, कुठल्या क्रमानं करायचं आणि त्यातलं किती काम उड्डाणाआधीच उरकून ठेवायचं, एवढाच या लेखाचा विषय.

६८ हा आकडा नव्या १७२ चा. जुन्या मॉडेलांना ६५ च्या आसपास, सेसना १५२ ला ६०. इंजिनाशिवाय विमान ज्या वेगाला सर्वांत लांब जातं त्याला 'बेस्ट ग्लाइड' म्हणतात आणि तुमच्या विमानाच्या हँडबुकात तो छापलेला असतो. झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. पंखांना इंजिन चालू आहे की बंद हे कळत नाही, त्यांना फक्त वेग कळतो. आणि हो, इथलं काहीही एकट्यानं करून बघायचं नाही. शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर हवा.

मुंबईत राहून उडायला शिकणारे बहुतेक जण मुंबईत उडत नाहीत. १९२८ साली सुरू झालेलं जुहूचं विमानतळ अजून आहे, पण आता तिथं मुख्यतः हेलिकॉप्टरं, आणि शेजारी सांताक्रूझची अखंड वर्दळ. म्हणून शिकायचं तर बारामती, धुळे, शिरपूर किंवा थेट गोंदिया. घर मुंबईत आणि आभाळ देशावरचं, असा हा कारभार. त्यामुळे जमीनही दोन तऱ्हांची ओळखता आली पाहिजे: देशावरची शेतं, आणि क्रॉस कंट्रीला, म्हणजे लांबच्या सराव उड्डाणाला, किनाऱ्याकडं आलात तर भातखाचरं, मिठागरं आणि खाडी.

चाकं जमिनीवर असताना

इंजिन बंद पडतं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तुटलेला पिस्टन येतो. तसंही होतं. पण इंधन संपणं, इंधनात पाणी शिरणं, खटका चुकीच्या टाकीवर राहणं आणि कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणं ही कारणंही तितकीच खरी, आणि त्यातली पहिली तीन जमिनीवरच पकडता येतात.

टाकीत इंधन किती हे गेजवरून ठरवू नका. पंखापर्यंत चढा, झाकण काढा, डिपस्टिक बुडवा. मग ड्रेनमधून नमुना घ्या. पावसाळ्यात विमान उघड्यावर उभं राहिलं आणि झाकणाचं रबर जुनं असलं की पाणी आत जातं, आणि ते जड असल्यामुळे तळाशी बसतं. एव्हगॅस १००एलएल हे या विमानांचं पेट्रोल फिक्या निळ्या रंगाचं असतं. तळाशी वेगळा थेंब किंवा रेघ दिसली की ते पाणी. इथं एक फसगत आहे. कप सगळाच पाण्यानं भरला असेल तर रेघ दिसणार नाही, सगळं छान एकसारखं नितळ दिसेल. म्हणून कप पांढऱ्या पंखासमोर धरून निळेपणा बघायचा आणि वासही घ्यायचा. पाणी निघालं तर स्वच्छ इंधन येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचं, आणि तरीही येतच राहिलं तर त्या दिवशी उडायचं नाही.

बर्फाचं नवशिक्यांना खरं वाटत नाही. तीस अंशांच्या उकाड्यात बर्फ? पण कार्ब्युरेटरच्या अरुंद नळीत हवा प्रसरण पावते, इंधनाची वाफ होते आणि तिथलं तापमान वीस अंशांहूनही जास्त उतरू शकतं. त्यातून आपली किनारपट्टीची दमट हवा. धोका सर्वांत जास्त असतो तो पॉवर कमी करून खाली येताना. आधी आरपीएम हळूहळू घसरतो, मग इंजिन खडखडायला लागतं. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा दांडा) पूर्ण ओढा. ओढल्यावर इंजिन आणखी वाईट चालेल, कारण वितळलेलं पाणी आत जातंय. घाबरून दांडा परत ढकलायचा नाही. तो तसाच ठेवायचा. नव्या १७२ ला फ्युएल इंजेक्शन असतं, तिथं कार्ब्युरेटरच नाही. पण शिकताना जुनं १५२ मिळण्याची शक्यता भरपूर.

टेकऑफच्या आधी, मोठ्यानं

रनवेच्या तोंडाशी उभे असताना स्वतःशी बोला, आवाज येईल असं. चाकं सुटण्याआधी काही झालं तर थ्रॉटल बंद, ब्रेक. चाकं सुटली आणि पुढं रनवे शिल्लक आहे तर त्याच रनवेवर परत. रनवे संपला आणि उंची कमी आहे तर सरळ पुढं, डावी-उजवीकडं तीसेक अंशांच्या आत जे मोकळं दिसेल तिथं. आज पुढं काय आहे? बारामतीत एका बाजूला वेगळं, दुसऱ्या बाजूला वेगळं. ते रनवेच्या दिशेप्रमाणं आधीच बघून ठेवा.

मागं वळायचा मोह या सगळ्यात घातक. रनवे पाठीमागेच तर आहे, एक वळण घेतलं की झालं, असं वाटतं. गणित वेगळं आहे. वळताना विमान बाजूला सरकतं, म्हणून १८० अंश पुरत नाहीत; दोनशेच्या वर वळून पुन्हा उलटं यावं लागतं. ४५ अंश कलवलं तर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत तो) १९ टक्के वाढतो, ६० अंशांना ४१ टक्के. हातात उंची नाही, वेग नाही, आणि वळून रनवेसमोर आलात तर वारा पाठीमागून. कमी उंचीवर स्टॉल झाला की सावरायला जागा राहत नाही. सरळ पुढच्या शेतात विमान मोडेल, पण ते पंख सपाट ठेवून, ताब्यात असताना मोडेल. किती उंचीच्या वर वळायचा विचार करायचा हा आकडा तुमच्या विमानासाठी इन्स्ट्रक्टरबरोबर उंचावर प्रत्यक्ष करून ठरवा. तोवर माझं मत विचाराल तर १००० फुटांच्या खाली तो विषयच काढू नये.

आणखी एक: चढताना नाक वर असतं. इंजिन गेलं की वेग बघता बघता पडतो. त्यामुळे पहिली हालचाल नाक खाली, तीही ठामपणे. जमीन जवळ असताना नाक तिच्याकडं ढकलणं हे मनाला पटत नाही, म्हणूनच त्याची सवय लावून घ्यावी लागते.

वर असताना बंद पडलं तर

क्रम असा. वेग, जागा, कारण, निरोप, बंदोबस्त. पुढचं काम करताना मागचं सोडायचं नाही. वेगावर डोळा शेवटपर्यंत.

वेग: नाक बेस्ट ग्लाइडच्या वेगाला आणा आणि ट्रिम करा. ट्रिम केलंत की हात मोकळा होतो आणि डोकंही. प्रोपेलर बहुधा वाऱ्यानं फिरत राहतो, त्यामुळे एकदम शांतता होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

जागा: वारा कुठून आहे ते बघून शेत निवडा आणि तिकडं वळा. याबद्दल खाली सविस्तर, कारण सगळा डाव इथंच आहे.

कारण: जागेकडं निघाल्यावरच. कॉकपिटच्या तळापासून सुरू करून वर जायचं, हात त्याच वाटेनं फिरला पाहिजे. फ्युएल सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर (एका टाकीवर असेल तर दुसरीवर), पंप असेल तर चालू, मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा दांडा) पुढं, कार्ब हीट ओढलेली, प्रायमर (सुरू करताना इंधन सोडणारा हातपंप) आत घालून कुलूपबंद, मॅग्नेटोचा (ठिणगीचा) खटका 'बोथ'वर. कधी कधी इंजिन इथंच परत सुरू होतं, कारण खटका चुकीच्या जागी राहिलेला असतो. नेमकी यादी तुमच्या चेकलिस्टची. ती पाठ करा आणि वेळ असेल तर कागदावरून पडताळा. घरी खुर्चीत बसून डोळे मिटून हात फिरवायचा सराव करा. वन बीएचकेत जागेची अडचण नाही.

निरोप: ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथंच आधी. 'मेडे' तीनदा, विमानाचं कॉलसाइन, इंजिन बंद, कुठं आहात, कुठं उतरताय, विमानात किती जण. उत्तर आलं नाही तर १२१.५. ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर) ७७००. नवशिके रेडिओवर अडकतात, कारण पलीकडच्या माणसाच्या आवाजानं धीर येतो. पण पलीकडचा माणूस तुमचं विमान उडवू शकत नाही. एकदा सांगा आणि परत बाहेर बघा.

बंदोबस्त: उतरणं नक्की झालं की मिक्स्चर कापा, इंधन बंद, मॅग्नेटो बंद. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) विजेवर चालत असतील तर त्या हव्या तेवढ्या उतरवून झाल्यावरच मास्टर (विजेचा मुख्य खटका) बंद. पट्टे घट्ट. दार किंचित उघडं ठेवा, म्हणजे सांगाडा वाकला तरी ते अडकणार नाही.

शेत निवडणं

वरून सगळंच सपाट दिसतं. हिरवा गालिचा दिसतो तो पुरुषभर उंच ऊस असतो. बारामती, इंदापूर, फलटणच्या बाजूला उडणाऱ्यानं पिकं ओळखायला शिकलंच पाहिजे. उभा ऊस नको. द्राक्षबाग तर अजिबात नको: पानांखाली लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा असतात. चकाकणारं चौकोनी काही दिसलं तर ते शेडनेट, पॉलिहाऊस किंवा प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. ज्वारी-बाजरी काढून झालेलं रान चांगलं. नांगरलेलं असेल तर सरीच्या दिशेनं उतरा, आडवं नाही, मग वारा थोडा बाजूनं आला तरी चालेल. पावसाळ्यात काळी माती चाक गिळते आणि विमान नाकावर जातं. टाटांच्या टपालसेवेच्या सुरुवातीच्या काळात, १९३२ नंतर, जुहूचं मैदानच पावसाळ्यात वापरता येत नसे आणि विमानं पुण्याहून उडवावी लागत. बांधलेल्या धावपट्ट्यांच्या आधीचं ते शहाणपण शेत निवडताना अजून लागू आहे.

तारा वरून दिसत नाहीत. खांब दिसतात. खांबांची रांग दिसली की मध्ये तार आहे असंच धरायचं. रस्त्याच्या कडेला खांब असतातच, म्हणून रस्ता वाटतो तेवढा सोपा नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग वरून लांबलचक रनवेसारखा दिसतो, पण त्यावर पूल आहेत, कमानी आहेत, मधला दुभाजक आहे आणि ट्रक आहेत. त्यांच्यातल्या कुणीही तुमच्या उतरण्याला होकार दिलेला नाही.

वारा ओळखायच्या खुणा: पाचट पेटवल्याचा धूर, देवळाचा झेंडा, मातीच्या रस्त्यावर गाडीमागं उडणारी धूळ, तळ्याचं पाणी. तळ्याचा जो काठ गुळगुळीत दिसतो तिकडून वारा येतोय. किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रावरून वारा असतो, पावसाळ्यात जवळजवळ दिवसभर पश्चिम-नैऋत्येचा. समोरच्या वाऱ्यात उतरणं हे नुसतं चांगल्या पायलटचं लक्षण म्हणून नाही. टेकतानाचा जमिनीवरचा वेग त्यानं कमी होतो.

कोकणातली भातखाचरं लहान, आणि प्रत्येकाला बांध. भात कापल्यानंतर जमीन कडक असते, पण बांध तिथंच. लांबीच्या दिशेनं, दोन बांधांच्या मध्ये जेवढं मिळेल तेवढं.

खुद्द मुंबईवर? इथं खोटा दिलासा देत नाही. शिवाजी पार्क, आझाद मैदान, ओव्हल वरून मोकळे दिसतात, आणि रविवारी सकाळी तिथं किती क्रिकेट चालू असतं हे मुंबईकराला सांगायला नको. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी निघालेलं विमान घाटकोपरला पडलं. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक माणूस असे पाच जण गेले. ते दोन इंजिनांचं विमान होतं आणि त्याची गोष्ट वेगळी, पण शहरात मोकळी जागा किती आहे हे त्यानं दाखवलं. भांडुप-मुलुंड, नायगाव-वसईची मिठागरं सपाट असली तरी मातीचे बंधारे आणि खाली चिखल. खारफुटी म्हणजे चिखल आणि फांद्या. समुद्रकिनारा ओहोटीला बरा, पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू. केळवे, किहीमसारखे किनारे जुहू-चौपाटीपेक्षा रिकामे. भरतीला मात्र पट्टाच शिल्लक राहत नाही, म्हणून किनाऱ्यानं उडणार असाल तर भरती-ओहोटीच्या वेळा निघण्याआधी बघून ठेवा.

खाडी ओलांडायची असेल तर इतक्या उंचीवरून, की मध्येच इंजिन गेलं तरी एका काठाला पोचाल. नाहीच जमलं आणि पाण्यात उतरावं लागलं तर लाटांच्या रांगांना समांतर, कमीत कमी वेगानं. चाकं खाली असलेलं विमान पाण्यात उलटण्याची शक्यता मोठी. लाइफ जॅकेट आधीच घातलेलं हवं आणि ते बाहेर पडल्यावरच फुगवायचं; आत फुगवलं तर माणूस छताला अडकतो. कोळ्यांच्या डोल जाळ्यांचे खुंट पाण्यातून वर आलेले असतात, त्यांच्यापासून दूर. आणि होडी दिसली तर तिच्या जवळपास, पण अंगावर नाही.

डोळा तयार करायला विमानच लागतं असं नाही. पुण्याला जाणाऱ्या गाडीत खिडकीपाशी बसा आणि कर्जतच्या अलीकडं, लोणावळ्याच्या पलीकडं प्रत्येक रान बघून स्वतःला विचारा: इथं उतरता येईल? जमिनीवरून बघितलं की विहिरी, तारा, उतार, दगड असं सगळं दिसतं जे वरून लपतं. मग तीच जागा उपग्रह नकाशावर उघडून बघा. माणूस चांगलाच नरमतो.

खाली येताना

शेताच्या भोवती सर्किटसारखंच यायचं: डाउनविंड (वारा पाठीशी), बेस (आडवं), फायनल (उतरायच्या रेषेत). रनवेवर जो अंदाज तुमच्या डोळ्यात बसलाय तोच इथं वापरायचा. जमिनीपासून साधारण १००० फुटांवर तुम्ही टेकायच्या जागेच्या बाजूला असायला हवेत. 'जमिनीपासून' हा शब्द विसरू नका. अल्टीमीटर समुद्रसपाटीपासून मोजतो, आणि बारामतीचं पठार सुमारे दोन हजार फूट उंच आहे. काट्यावर ३५०० दिसत असतील तर तुमच्याकडं दीड हजार फूटच आहेत. किनाऱ्याच्या हिशेबानं शिकलेला डोळा इथं फसतो.

नेम शेताच्या सुरुवातीला धरू नका. पहिला एक तृतीयांश भाग संपतो तिथं धरा. पोचणार हे नक्की झालं की फ्लॅप टाकून नेम अलीकडं आणता येतो. उंची जास्त झाली तर फ्लॅप आहेत, साइडस्लिप (विमान तिरकं धरून उंची झटपट उतरवणं) आहे, एक वळण मोठं घेता येतं. कमी पडली तर काहीही नाही. नाक वर ओढून विमान लांब जात नाही, उलट आखूड पडतं आणि स्टॉलच्या जवळ जातं. आणि एकदा शेत ठरवलं की शेवटच्या ५०० फुटांत 'ते शेजारचं बरं दिसतंय' असा विचार बाजूला ठेवा.

सरावात इन्स्ट्रक्टर थ्रॉटल आयडलला (सर्वांत कमी पॉवरला) आणतो, इंजिन बंद करत नाही. आयडलला प्रोपेलर थोडासा जोर देतच असतो, त्यामुळे खरं विमान सरावापेक्षा जरा जास्त वेगानं खाली येईल. दर हजारेक फुटांना थ्रॉटल थोडा पुढं करून इंजिन गरम ठेवा, नाहीतर सरावातच खरा प्रसंग यायचा. ५०० फुटांवर सराव सोडून गो-अराउंड, म्हणजे पॉवर देऊन पुन्हा वर. इन्स्ट्रक्टरशी हा आकडा आधी बोलून घ्या, म्हणजे खालच्या शेतकऱ्याच्या बैलांना आणि तुम्हाला दोघांनाही त्रास नाही.

टेकताना

वेग कमी, पंख सपाट, विमान ताब्यात. विमान वाचवायचा विचार आता सोडा. आघात वेगाच्या वर्गानं वाढतो: ताशी ८० किलोमीटर वेगातून ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) इतक्या धक्क्यात थांबायला तीन मीटर पुरतात, ताशी १६० मधून चौपट अंतर लागतं. पट्टा नीट आवळलेला माणूस एवढा धक्का सोसू शकतो. म्हणून झाडं टाळता येत नसतील तर नाक दोन खोडांच्या मध्ये घालायचं, पंख मोडू द्यायचे. शेताच्या टोकाला भिंत येत असेल तर जमिनीवर असतानाच विमान बाजूला फिरवून पंख आणि चाकं खर्ची घालायची.

२०२२ च्या जुलैत इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात एक शिकाऊ विमान असंच पडलं. आत एकटी शिकाऊ पायलट होती. विमान मोडलं, तिला किरकोळ दुखापत झाली.

उतरल्यावर

बाहेर पडा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब जा, सगळे मोजा. इएलटी (अपघातानंतर जागा कळवणारा रेडिओ) आपोआप सुरू झाला नसेल तर हातानं सुरू करा. मग ११२, आणि लगेच तुमच्या फ्लाइंग स्कूलला. पाच-दहा मिनिटांत गाव जमेल. लोक मदतीला येतात, आणि मोबाइल काढूनही येतात. गळणाऱ्या इंधनाजवळ कुणी विडी पेटवू नये, शेपटीला धरून विमान ओढू नये, हे पोलीस पाटलांना किंवा तिथल्या एखाद्या वडीलधाऱ्याला सांगा. तुम्ही ओरडण्यापेक्षा त्यांचं एक वाक्य जास्त चालतं. पिकाच्या नुकसानीवर तिथं वाद घालू नका, नाव-नंबर घ्या, ते काम विमा आणि स्कूलचं.

माणसं काढण्यासाठी किंवा आग टाळण्यासाठी लागेल तेवढंच विमान हलवता येतं, बाकी जसंच्या तसं ठेवावं लागतं. विमान वाहतुकीचं नियंत्रण करणारं डीजीसीए आणि अपघात तपासणारा एएआयबी यांना कळवण्याचं काम स्कूल करेल, पण जबाब तुम्हालाच द्यायचा आहे. म्हणून अंगाला लागलेलं दाखवून झालं की एका कागदावर लिहून ठेवा: किती वाजले होते, किती उंची होती, सिलेक्टर कुठल्या टाकीवर होता, आरपीएम आधी घसरला की एकदम गेला, कार्ब हीट कधी ओढली. दुसऱ्या दिवशी यातलं निम्मं आठवत नाही.